वृद्धाश्रमातील शुश्रूषा आणि संसर्गापासून संरक्षण

वृद्ध आणि आजारी माणसांची सेवा हे ख्रिस्तसभेचे फार जुने कार्य आहे. संत कामिल्लस (१५५०–१६१४) यांनी सोळाव्या शतकात रोममधील रुग्णांच्या सेवेसाठी आपला संघ उभा केला. फ्रान्समधील संत जान ज्युगाँ यांनी १८३९ साली एका अंध, निराधार वृद्धेला आपल्या घरी आणून स्वतःचा बिछाना दिला, आणि त्या एका कृतीतून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ जन्माला आला. परमगुरुस्वामी बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांना संतपद बहाल केले. आज आपल्या अनेक कुटुंबांतील मुले नोकरीनिमित्त दूरदेशी असतात. घरातील आजी-आजोबांना आश्रमात ठेवण्याची वेळ आता पूर्वीपेक्षा अधिक घरांवर येते. म्हणूनच आश्रमातील दैनंदिन सेवेचा एक महत्त्वाचा, परंतु क्वचितच चर्चिला जाणारा पैलू आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम शब्दांविषयी थोडे. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. येथे मात्र जिथे वृद्ध व्यक्ती कायम राहतात आणि त्यांची शुश्रूषा केली जाते, अशा निवासांचा विचार केला आहे. त्यांना आम्ही सोयीसाठी 'आश्रम' म्हणू. आंघोळ घालणे, तोंड धुणे, कपडे बदलणे, डायपर बदलणे, शौचास नेणे, दाढी करणे, नखे कापणे, भरवणे, कूस बदलणे या सर्व कामांना आम्ही 'अंगसेवा' असे म्हटले आहे. ज्यांना ही कामे स्वतः करता येत नाहीत, त्यांच्यासाठी ती कुणीतरी करावी लागतात. घरी आजारी वृद्धाची काळजी घेणाऱ्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

आश्रमात संसर्ग लवकर का पसरतो?

वाढत्या वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते. त्वचा पातळ व कोरडी होते आणि सहज सोलवटते. खोकण्याची ताकद घटल्यामुळे लाळ किंवा अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका वाढतो. मधुमेह, पक्षाघात, स्मृतिभ्रंश असे आजार सोबतीला असतात. काहींना लघवीची नळी, काहींना नाकातून अन्न देण्याची नळी असते, तर काहींना शय्याव्रण झालेले असतात. जंतूंना शरीरात शिरण्यासाठी असे अनेक दरवाजे उघडे असतात.

रुग्णालयात रुग्ण काही दिवस राहून घरी परततो. आश्रम हे मात्र घरच असते. तेथे सर्वजण एकत्र जेवतात, एकत्र प्रार्थना करतात, एकमेकांच्या खोलीत जातात. आणि सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशा दोन वृद्धांची एकमेकांशी कधी भेटही होत नसली, तरी एकाच मावशी सकाळच्या दोन तासांत त्या दोघांनाही आंघोळ घालतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जंतू आपल्या पायांनी चालत येत नाहीत. बहुतेक वेळा सेवा करणाऱ्या हातांतून, त्या हातांतील टॉवेलमधून किंवा भांड्यातून ते येतात.

हे सत्य जगाला फार उशिरा उमगले. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाईस यांच्या लक्षात आले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांमुळे बाळंतिणींना जीवघेणा ताप येतो. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. त्या कक्षातील मृत्यूचे प्रमाण एप्रिलमध्ये शेकडा सुमारे १८ होते. मेच्या मध्यास हात धुणे सुरू झाले आणि जूनमध्ये ते प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले. तरीही त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी ही गोष्ट मान्य केली नाही. उपचार करणारा हातच आजार देतो, हे स्वीकारणे त्यांना जड गेले. प्रेमाने सेवा करणाऱ्या हातांविषयी असे बोलणे आजही कुणाला बरे वाटत नाही. परंतु हेतू कितीही शुद्ध असला, तरी त्यामुळे हातावरील जंतू मरत नाहीत.

हात केव्हा आणि कसे धुवावेत?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेविषयी विस्तृत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यात हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत :

१. व्यक्तीला स्पर्श करण्यापूर्वी.
२. जखम, नळी, तोंड अशा नाजूक जागी काम करण्यापूर्वी.
३. रक्त, लघवी, शौच, उलटी, थुंकी यांच्याशी संपर्क आल्यानंतर.
४. व्यक्तीला स्पर्श केल्यानंतर.
५. तिच्या खाटेला, उशीला, टेबलाला वा भांड्यांना हात लागल्यानंतर.

यातील पहिली वेळ सर्वांत अधिक चुकते. काम संपल्यावर हात धुण्याची आठवण आपल्याला होते, कारण त्यात आपले स्वतःचे रक्षण असते. काम सुरू करण्यापूर्वी हात धुण्यात समोरच्याचे रक्षण असते, आणि नेमके तेच राहून जाते.

साबण व पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. शांतपणे दोन-तीन वेळा 'नमो मरिया' म्हणण्याइतका हा वेळ आहे. तळहात, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, बोटांची टोके आणि मनगटे हे सर्व भाग चोळले गेले पाहिजेत. नंतर हात स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसावेत. सर्वांसाठी दिवसभर टांगलेला एकच ओला नॅपकिन असेल, तर धुतलेले हात पुन्हा अस्वच्छ होतात. हात दिसायला स्वच्छ असतील, तर अल्कोहोलयुक्त द्रावण २० ते ३० सेकंद चोळणे पुरेसे असते. मात्र हातांना मळ लागला असेल किंवा आश्रमात जुलाब-उलट्यांची साथ असेल, तर साबण व पाणीच वापरावे. जुलाब घडवणाऱ्या काही जंतूंवर अल्कोहोलचा पुरेसा परिणाम होत नाही. अंगठ्या, बांगड्या आणि लांब नखे यांखाली जंतू दडून राहतात. म्हणून सेवेच्या वेळी त्या उतरवून ठेवाव्यात व नखे आखूड ठेवावीत.

हातमोजे म्हणजे शिवाशिव नव्हे

हातमोजे घातलेले पाहून काही वृद्धांना वाईट वाटते. "मला शिवायची किळस येते का?" असे ते विचारतात. आपल्या समाजाला शिवाशिवीचा मोठा व दुःखद इतिहास असल्यामुळे ही भावना समजण्यासारखी आहे. म्हणून मोजे घालण्यापूर्वी दोन शब्द बोलावेत : "आजी, माझ्या हातांचे जंतू तुम्हांला लागू नयेत म्हणून हे घालते." शिवाशिवीत माणसाला दूर लोटले जाते. येथे मोजे घातल्यामुळे त्याच्या अधिक जवळ जाता येते, हा फरक कृतीतून दिसला पाहिजे.

मोजे केव्हा घालावेत? रक्त, लघवी, शौच, लाळ, जखम किंवा फुटलेली त्वचा यांच्याशी संबंध येणार असेल तेव्हा. हात धरून चालवताना, केस विंचरताना, जपमाळ हाती देताना, गप्पा मारताना त्यांची गरज नसते. तेथे उघडा, धुतलेला हातच हवा.

मोज्यांविषयी तीन नियम कायम लक्षात ठेवावेत. पहिला, मोजे हात धुण्याला पर्याय नाहीत. ते घालण्यापूर्वी आणि काढल्यावर हात स्वच्छ केलेच पाहिजेत, कारण काढताना जंतू हातावर येतात. दुसरा, एका व्यक्तीसाठी वापरलेले मोजे दुसऱ्या व्यक्तीसाठी वापरू नयेत आणि एकदाच वापरायचे मोजे धुऊन पुन्हा घालू नयेत. तिसरा, एकाच व्यक्तीची सेवा करतानाही अस्वच्छ भागाकडून स्वच्छ भागाकडे जाताना मोजे बदलावेत. डायपर बदललेल्या मोज्यांनीच दाराची कडी, पंख्याचे बटण, पाण्याचा पेला आणि उशाशी ठेवलेली जपमाळ हाताळली गेली, तर त्या मोज्यांनी कुणाचेच रक्षण होत नाही.

अंगसेवेतील काळजी

आंघोळ व स्पंजिंग : आंघोळीपूर्वी सर्व सामान जवळ घ्यावे, म्हणजे मधेच कपाट उघडण्याची वेळ येत नाही. पाण्याची ऊब आपल्या मनगटावर तपासावी. वृद्धांची त्वचा लवकर भाजते. अंथरुणात अंग पुसताना क्रम स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे असावा : प्रथम डोळे व चेहरा, मग हात, छाती व पोट, पाय, पाठ, त्यानंतर जननेंद्रियाची जागा आणि सर्वांत शेवटी गुदद्वार. त्याआधी पाणी, कापड व मोजे बदलावेत. डोळे पुसताना आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसावे आणि प्रत्येक डोळ्यासाठी कापडाचे वेगळे टोक वापरावे. स्तनांखालची, काखेतली, जांघेतली आणि पायांच्या बोटांमधील जागा टिपून कोरडी करावी. ओल राहिल्यास बुरशी येते. शक्यतो प्रत्येकाचा टब, मग व टॉवेल वेगळा व नाव घातलेला असावा. टब धुऊन पालथा ठेवून वाळवावा.

तोंडाची स्वच्छता : हे काम सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाते. तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांचे दात व तोंड सेवक प्रत्येक जेवणानंतर नीट स्वच्छ करत होते, त्यांच्यापैकी शेकडा ११ जणांना न्यूमोनिया झाला. ज्यांना अशी सेवा मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा १९ होते. महागडे औषध नव्हे, तर एक मऊ ब्रश आणि काही मिनिटांचा वेळ एवढ्यावर हा फरक पडला.

दात घासताना व्यक्तीला बसते करावे. बसता येत नसल्यास कुशीवर वळवावे, म्हणजे पाणी घशात उतरत नाही. कवळी रात्री काढावी, घासावी आणि नाव लिहिलेल्या स्वतंत्र डबीत स्वच्छ पाण्यात ठेवावी. दात नसलेल्यांच्याही हिरड्या व जीभ ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात. जेवणानंतर सुमारे अर्धा तास आडवे करू नये.

शौच, डायपर व लघवीची नळी : स्त्रियांना स्वच्छ करताना नेहमी पुढून मागे पुसावे, म्हणजे शौचाचे जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. डायपर ठरावीक वेळीच नव्हे, तर ओला झाल्याबरोबर बदलावा. ओल्या त्वचेला लवकर व्रण होतात. वापरलेला डायपर जमिनीवर न ठेवता तेथेच पिशवीत गुंडाळून बंद करावा. बेडपॅन व युरिन पॉट शक्यतो प्रत्येकाचे वेगळे असावेत आणि वापरानंतर धुऊन निर्जंतुक करून वाळवावेत. भाजी-भांडी धुण्याच्या जागी ते कधीही धुऊ नयेत.

लघवीची नळी असल्यास तिची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, परंतु जमिनीला न टेकेल अशी टांगावी. व्यक्तीला उचलताना पिशवी पोटावर ठेवण्याची सवय घातक आहे, कारण त्यामुळे लघवी मागे परतते. नळी व पिशवी यांचा सांधा विनाकारण उघडू नये. पिशवी रिकामी करण्याचे भांडे प्रत्येकाचे वेगळे असावे. आणि "ही नळी अजून आवश्यक आहे का?" हा प्रश्न डॉक्टरांना वरचेवर विचारावा. केवळ डायपर बदलण्याचा त्रास वाचावा म्हणून नळी ठेवणे योग्य नव्हे. केवळ लघवीला वास येतो म्हणून प्रतिजैविके सुरू करणेही योग्य नाही. त्याचा निर्णय लक्षणे पाहून डॉक्टरांनीच करावा.

दाढी, नखे व सुया : ब्लेड, रेझर व नेलकटर प्रत्येकाचे स्वतंत्र असावेत. एकाच वस्तऱ्याने सर्वांची दाढी करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही कावीळ ब व क यांचे विषाणू पसरू शकतात. मधुमेहींची साखर तपासताना सुई तर प्रत्येक वेळी नवी हवीच, परंतु सुई टोचण्याचे पेनसुद्धा दोघांत मिळून वापरू नये. इन्सुलिनचे पेन केवळ सुई बदलून दुसऱ्याला देऊ नये. अमेरिकेतील वृद्धनिवासांत अशा सामायिक साधनांमुळे कावीळ ब च्या साथी झालेल्या आहेत. वापरलेली सुई टोपण न लावता लगेच, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी.

कपडे व चादरी : मळलेली चादर झटकू नये, छातीशी कवटाळून नेऊ नये आणि जमिनीवर टाकू नये. ती आतल्या बाजूस गुंडाळून खाटेजवळच पिशवीत भरावी. शौच वा रक्त लागलेले कपडे वेगळे धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. सेवकांनी कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. एप्रन घालूनच थेट स्वयंपाकघरात जाऊ नये.

काही आजारांबाबत विशेष दक्षता

खरूज : रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती पुरळ ही तिची लक्षणे आहेत. अतिवृद्धांत कधी खाज नसते, केवळ जाड खपल्या धरतात. असा खपल्यांचा प्रकार फार झपाट्याने पसरतो. खरजेवर एकट्यादुकट्याचा उपचार व्यर्थ ठरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने संपर्कातील सर्वांना, सेवकांनाही, एकाच वेळी औषध लावावे लागते आणि बहुधा आठवड्याभराने ते पुन्हा लावावे लागते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. म्हणून जे कपडे गरम पाण्यात धुता येत नाहीत, ते काही दिवस पिशवीत बंद करून ठेवावेत. खरूज होणे हा कुणाचा गुन्हा नाही. लाजेपोटी ती लपवली गेली, तर मात्र पूर्ण आश्रम खाजवू लागतो.

जुलाब-उलट्या : एकाच दिवशी दोघातिघांना त्रास झाला, तर केवळ जेवणावर दोष न ठेवता साथ समजून वागावे. उलटी झालेली जागा मोजे घालून पुसावी व नंतर ब्लीचच्या द्रावणाने निर्जंतुक करावी. ५ टक्के तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग व पाण्याचे ९ भाग घेतल्यास अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण होते. ते सुमारे दहा मिनिटे राहू द्यावे. द्रावण रोज ताजे करावे आणि संडास साफ करण्याच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. आजारी पडलेल्या सेवकाने जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही ४८ तास कामावर येऊ नये.

क्षयरोग : आपल्या देशात हा आजार अजूनही मोठ्या प्रमाणावर आहे आणि वृद्धांत त्याची लक्षणे "वयामुळे" म्हणून दुर्लक्षिली जातात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, घटते वजन, संध्याकाळचा बारीक ताप दिसल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. खिडक्या उघड्या ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फ्लू, न्यूमोनिया व कोविड : फ्लूची लस दरवर्षी, तर न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. फ्लूची लस वृद्धांइतकीच सेवकांनीही घेणे हिताचे आहे.

औषधांना न जुमानणारे जंतू : प्रतिजैविकांच्या अतिवापरामुळे काही जंतू औषधांना दाद देत नाहीत. असे जंतू अंगावर असूनही व्यक्ती आजारी दिसत नाही. १ एप्रिल २०२४ पासून अमेरिकेतील शासकीय आरोग्ययोजनांशी संलग्न शुश्रूषागृहांना एक नियम लागू झाला. ज्यांच्या अंगावर असे जंतू आहेत, ज्यांना दीर्घकालीन जखमा आहेत किंवा शरीरात नळ्या घातलेल्या आहेत, त्यांना आंघोळ घालताना, कपडे व डायपर बदलताना, चादर बदलताना, उचलताना सेवकांनी मोजे व गाऊन दोन्ही घालावेत, असे तो सांगतो. परंतु अशा व्यक्तीला केवळ या कारणासाठी खोलीत कोंडून ठेवू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. ती व्यक्ती सर्वांसोबत जेवू शकते व प्रार्थनेलाही येऊ शकते. दक्षता घेण्याची जबाबदारी सेवकाची आहे. त्याची किंमत वृद्धाने एकाकीपणाने मोजायची नाही, हे या नियमातील मर्म आम्हांला फार मोलाचे वाटते.

येथे एक सूचना करावीशी वाटते. वृद्धांना संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही. तोंडातील तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले, तरी ते गंभीरपणे घ्यावे. अचानक गोंधळणे, जेवण नाकारणे, सारखी झोप, तोल जाऊन पडणे हीदेखील संसर्गाची चाहूल असू शकते. हा बदल सर्वांत आधी अंगसेवा करणाऱ्या मावशींच्या ध्यानात येतो. त्यांचे म्हणणे परिचारिकेने व डॉक्टरांनी ऐकून घेतले पाहिजे.

भेटीस जाणाऱ्यांसाठी आणि संस्कारांच्या वेळी

संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद, मारिया सेनेच्या भगिनी, तरुणांचे गट नाताळात व उपवासकाळात आश्रमांना आवर्जून भेट देतात. ही भेट वृद्धांसाठी सणासारखी असते. सर्दी, खोकला, ताप किंवा जुलाब असल्यास मात्र भेट पुढे ढकलावी. आत शिरताना व बाहेर पडताना हात धुवावेत. खाटेवर बसू नये. एकाच चमच्याने दोघांना केक वा खीर भरवू नये. एकाचे हात हाती घेऊन झाल्यावर दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी हात स्वच्छ करावेत.

पवित्र कम्युनियन घेऊन जाणाऱ्या सेवकांनी प्रत्येक खोलीपूर्वी हात स्वच्छ करावेत. जिभेला वा ओठांना स्पर्श झाल्यास पुढील व्यक्तीकडे जाण्यापूर्वी पुन्हा हात स्वच्छ करणे आवश्यक आहे. रुग्णाभ्यंग संस्काराविषयी भाविक अनेकदा विचारतात. १९८३ च्या धर्मसंहितेतील कॅनन १००० नुसार धर्मगुरूंनी स्वतःच्या हाताने तेल लावावे. परंतु गंभीर कारण असल्यास साधन वापरण्याची मुभा तेथेच दिलेली आहे. त्यामुळे साथीच्या काळात कापसाच्या बोळ्याने अभ्यंग झाला, म्हणून संस्कार अपुरा राहिला असे मानू नये. एकदा वापरलेला बोळा मात्र पुन्हा तेलाच्या कुपीत बुडवू नये. क्रुसाचे चुंबन एकामागून एक सर्वांकडून घेण्याऐवजी, आश्रमात मस्तक नमवून वंदन करणे अधिक सुरक्षित आहे.

सेवकांची काळजी हीच वृद्धांची काळजी

२०२० सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका शुश्रूषागृहात कोविडची मोठी साथ झाली. १८ मार्चपर्यंत त्या निवासाशी संबंधित १६७ जण बाधित आढळले : १०१ रहिवासी, ५० आरोग्यसेवक आणि १६ भेटीस आलेले. तपासणीअंती जी कारणे पुढे आली, ती विचार करायला लावणारी आहेत. काही सेवक लक्षणे असूनही कामावर येत होते. काही जण एकाहून अधिक ठिकाणी काम करत होते. संरक्षक साधनांचा वापर त्यांना नीट ठाऊक नव्हता, आणि साधने व हात स्वच्छ करण्याचे द्रावणही पुरेसे नव्हते.

सेवक आजारी असतानाही कामावर का येतो? बहुतेक वेळा एक दिवस घरी बसल्यास त्या दिवसाचा पगार बुडतो म्हणून. दोन ठिकाणी का राबतो? एका पगारात घर चालत नाही म्हणून. ही परिस्थिती आपल्याकडे वेगळी नाही. अशा सेवकाला "निष्काळजी" म्हणून दोष देणे सोपे आहे. परंतु एकट्या मावशींकडे सकाळी दहा वृद्धांची आंघोळ सोपवली, बेसिन व्हरांड्याच्या टोकाला ठेवले आणि मोज्यांचा खोका कुलपात ठेवला, तर दहा वेळा हात धुतले जाणार नाहीत, हे आपणही जाणतो. पगारी आजारपणाची रजा, पुरेसे हात, खाटेजवळ पाणी व साबण, आणि नीट प्रशिक्षण हेच संसर्गनियंत्रणाचे खरे आधार आहेत.

कुणी म्हणेल, संत डेमियन यांनी मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांची सेवा करताना स्वतःची पर्वा केली नाही आणि १८८९ साली त्याच आजाराने देह ठेवला. मग आपण इतकी भीती का बाळगावी? त्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. त्या काळी त्या रोगावर प्रभावी औषध नव्हते. आणि स्वतः धोका पत्करणे वेगळे व आपल्या हातांनी तो धोका शेजारच्या खाटेवर नेणे वेगळे. आपल्या जिवाचे दान कुणी स्वेच्छेने करू शकतो. दुसऱ्याच्या जिवाचे दान करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आश्रम निवडताना आणि देणगी देताना

आपल्या माणसाला आश्रमात ठेवण्यापूर्वी कुटुंबीयांनी नम्रपणे पुढील गोष्टी पाहाव्यात वा विचाराव्यात :

– प्रत्येक खोलीत किंवा खोलीजवळ पाणी, साबण व कोरडे कापड आहे का?
– टॉवेल, ब्लेड, नेलकटर, कवळीची डबी प्रत्येकाची वेगळी आहे का?
– एका सेवकाकडे सकाळी किती वृद्ध असतात? रात्री कोण असते?
– सेवक आजारी पडल्यास त्यांना पगारी रजा मिळते का?
– साथ आल्यास कुटुंबीयांना कळवले जाते का, आणि भेटी पूर्ण बंद न करता काय सोय केली जाते?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोविडच्या काळात अनेक वृद्ध आपल्या माणसांचा चेहरा न पाहताच गेले. संसर्ग रोखणे आवश्यकच आहे, परंतु एकटेपणाही माणसाला खचवतो. मुखपट्टी घालून, हात धुऊन, उघड्या खिडकीशी बसून होणारी छोटी भेटही मोठे बळ देते.

आपण आश्रमांना धान्य, साड्या, मिठाई देतो. यापुढे देणगी देताना आश्रमाच्या प्रमुख भगिनींना विचारावे : "आपल्याला काय हवे?" कदाचित त्या साबणाची पेटी, मोज्यांचे खोके, नाव घातलेले पन्नास टॉवेल, एक धुलाई यंत्र किंवा व्हरांड्यात आणखी एक नळ मागतील. या वस्तूंसमोर उभे राहून छायाचित्र काढण्यासारखे काही नसते, परंतु त्यांनी आजार टळतात. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेला आजी-आजोबा व वृद्ध यांचा जागतिक दिन जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. जागतिक रुग्णदिन ११ फेब्रुवारीला असतो. या दोन दिवशी आपल्या धर्मग्रामांनी अशी देणगी गोळा करावी, तसेच घरी वृद्धांची सेवा करणाऱ्यांसाठी परिचारिकांकडून एक-दोन तासांचे प्रात्यक्षिक ठेवावे, असे आम्ही सुचवतो. आपल्या धर्मग्रामांत परिचारिका भगिनींची वाण नाही, त्यांना फक्त विचारण्याची गरज आहे.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, तेव्हा आपण प्रभू येशूने शिष्यांसाठी केलेल्या त्या कृतीचे स्मरण करतो. आश्रमातील मावशी आणि धर्मभगिनी हेच काम वर्षाचे सर्व दिवस, पहाटेपासून करत असतात. त्यांच्या हाताशी स्वच्छ पाणी, साबण आणि पुरेसा वेळ असावा, एवढी तजवीज करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.